आधी छापखाना, मग भाव: रविवर्मा प्रेस, चित्रशाळा आणि इतर बंद छापखान्यांची जुनी चित्रं कशी ओळखावी, घ्यावी आणि त्यांची किंमत कशी ठरवावी

आजोळच्या माळ्यावरून लक्ष्मीची तसबीर खाली येते, कोपऱ्यात 'रविवर्मा प्रेस' वाचलं जातं, काचेवरूनच मोबाईलने फोटो निघतो आणि प्रश्न येतो: किती येतील? तोवर काच ओल्या फडक्याने पुसून झालेली असते, मागची कुजकी फळी भंगारात गेलेली असते, आणि कुणीतरी हौसेने चित्राचा फाटका समास कात्रीने सरळ करून घेतलेला असतो. ज्यावरून भाव ठरायचा ती निम्मी माहिती प्रश्न विचारण्याआधीच नाहीशी झालेली असते.

म्हणून या लेखात क्रमावर भर आहे. आधी नोंद, मग फ्रेम उघडणं, मग छपाईची पद्धत, मग छापखाना आणि काळ, मग अवस्था, आणि पैसे सगळ्यात शेवटी. उदाहरणं आपल्याकडची घेतली आहेत: मुंबईत १८९४ साली सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेला रविवर्मा प्रेस, पुण्यात १८७८ मध्ये निघालेली चित्रशाळा, त्याच साली निघालेला कलकत्ता आर्ट स्टुडिओ, आणि त्यांच्या आगेमागे उभे राहिलेले मुंबईचे चित्रविक्रेते. यांतले बहुतेक छापखाने आज नाहीत. मळवलीच्या छापखान्याला तर १९७२ मध्ये आग लागली. त्यामुळे कंपनीला पत्र लिहून खात्री करून घेण्याची सोय नाही. जे काय कळायचं ते चित्रावरूनच.

तयारी: जवळ काय हवं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, शक्यतो स्वतःचा दिवा असलेलं. साधा टॉर्च. अतिनील म्हणजे यूव्ही टॉर्च, तोही ३६५ नॅनोमीटरचा. ३९५ चा स्वस्त मिळतो, पण त्याचा जांभळा उजेडच इतका पसरतो की बघायचं ते दिसत नाही. मोजपट्टी, मऊ शिसपेन्सिल, वही, मऊ रुंद ब्रश आणि टेबलावर पसरायला स्वच्छ सुती चादर.

पेन त्या टेबलावर येऊच देऊ नका. हातमोज्यांचीही गरज नाही. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. जुना ठिसूळ कागद मोज्यातल्या बोटांना जाणवत नाही आणि कडा तुटते.

टप्पा १: हात लावण्याआधी नोंद

फ्रेम जशी सापडली तशीच ठेवून फोटो काढा. समोरून, मागून, चारही कोपरे, मागची खिळ्यांची रांग, मागे चिकटवलेली चिठ्ठी, हुकाची दोरी. काचेवर चमक येत असेल तर खिडकीशी काटकोनात ठेवून थोडं तिरकं घ्या.

मग वहीत लिहा: कुठून आलं, कुणाच्या घरात होतं, कोणत्या भिंतीवर. घरातल्या वडीलधाऱ्यांना आत्ताच विचारा आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत टिपा. 'आजीच्या लग्नात आलं' हा पुरावा होत नाही, पण पुढच्या तपासणीत त्याची पडताळणी करता येते.

फ्रेमच्या मागे फ्रेमवाल्याच्या दुकानाची चिठ्ठी असते. ती अर्धवट सुटली असेल तरी काढू नका आणि चिकटवूही नका. तिच्यावरच्या पत्त्याचा पुढे चांगला उपयोग होतो.

> सावधान: काच पुसायची असेल तर कोरड्या फडक्याने. स्प्रे तर नाहीच. पाणी कडेने आत झिरपतं आणि चित्राच्या खालच्या समासावर, म्हणजे नेमकं जिथे छापखान्याचं नाव असतं तिथे, डाग उठतो.

टप्पा २: फ्रेम उघडावी का, आणि उघडायची तर कशी

प्रत्येक फ्रेम उघडलीच पाहिजे असं नाही. टॉर्च तिरका धरून काचेतून बघा. चित्र काचेला कुठे चिकटलेलं असेल तर तिथे गडद, ओलसर दिसणारा चट्टा दिसतो. असा चट्टा असेल तर थांबा. चिकटलेलं चित्र ओढलं की रंगाचा थर काचेवर राहतो आणि कागद हातात येतो. हे काम कागद-संवर्धकाचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र आहे, वारसा जपणाऱ्या 'इंटॅक' या संस्थेची संवर्धन केंद्रं आहेत. तिथे चौकशी करावी.

चट्टा नसेल तर कोरड्या दिवसांत, पंखा बंद करून उघडा. काच खाली येईल अशी फ्रेम पालथी ठेवा. खिळे उपटू नका, पक्कडीने एकेक सरळ करून बाहेर घ्या. फळी उचलताना ती कागदाला चिकटली नाही ना हे कडेने पाहत जा.

आता आत काय दिसतं ते नीट बघा, कारण ही संधी पुन्हा येत नाही.

फळी आणि चित्र यांच्यामध्ये बऱ्याचदा जुनं वर्तमानपत्र असतं. त्यावरची तारीख सांगते की ही फ्रेम त्या तारखेआधी बसवलेली नाही. चित्राची तारीख ती नव्हे. चित्र तीस वर्षं जुनं असून फ्रेम नंतर बदललेली असू शकते.

फळीवर किड्याने पाडलेलं गोल भोक असेल तर त्याच जागी चित्राच्या कागदावर भोक आहे का ते पाहा. फळीला आरपार भोक आणि कागद साबूत असेल तर चित्र नंतर कुणीतरी जुन्या फ्रेममध्ये बसवलं असण्याचा दाट संशय घ्या. जुनी फ्रेम, जुनी काच आणि आत नवी छपाई हा बाजारातला नेहमीचा प्रकार आहे.

फ्रेमच्या खाचेखाली झाकलेली चित्राची कडा बघा. तिथे प्रकाश पोचलेला नसतो, म्हणून मूळ रंग तिथे टिकतात. मधलं आकाश फिकट राखाडी आणि कडेची बोटभर पट्टी स्वच्छ निळी असेल तर चित्र किती विटलंय हे तिथेच कळतं. सगळीकडे सारखाच पिवळेपणा, मागे-पुढे सारखा आणि कडेपर्यंत गेलेला असेल तर कागद चहाच्या पाण्यात बुडवून 'जुना' केलेला असू शकतो.

> तपासणी: वर्तमानपत्र, फळी, खिळे, चिठ्ठी सगळं एका पिशवीत घालून, वर चित्राचं नाव लिहून बाजूला ठेवलं का? काहीही फेकायचं नाही.

टप्पा ३: भिंगाखाली छपाई

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि सगळ्यात जास्त उत्तरंही इथेच मिळतात.

जुनी रंगीत शिळाछाप चित्रं दगडावरून छापली जात. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एका चित्राला अनेकदा दहाहून अधिक दगड. प्रत्येक दगडावर कारागिराने तेलकट खडूने किंवा शाईने हाताने ठिपके दिलेले असत. अशा छापावर रोगण चढवून, कधी कॅनव्हासच्या विणीचा दाब देऊन तैलचित्राचा आभास आणला की त्याला ओलिओग्राफ म्हणत. या दाबामुळेच दरवर्षी कुणी ना कुणी 'अस्सल रविवर्मांचं तैलचित्र' सापडल्याचं जाहीर करतं.

पाहण्याचा क्रम असा ठेवा.

*पहिलं, गाल.* देवीच्या गालावर भिंग टेका. शिळाछापात फिकट पिवळसर थरावर गुलाबी ठिपके विखुरलेले दिसतात, लहान-मोठे, कुठे दाट कुठे विरळ, रांगेत कधीच नाहीत. सावलीकडे जाताना ठिपके वाढतात आणि त्यांत तपकिरी मिसळू लागतो. मधूनच एखादा ठिपका शेजारच्याला चिकटलेला असतो, कारण तो माणसाच्या हाताने दिलेला असतो. त्याच जागी ठरावीक अंतरावर, सारख्या रांगांत ठिपके दिसले आणि निळा, गुलाबी, पिवळा, काळा मिळून लहान फुलासारखी नक्षी होत असेल तर ती जाळी वापरून केलेली हाफटोन छपाई. ठिपके अतिशय बारीक, फवारल्यासारखे असतील तर इंकजेट, म्हणजे अगदी अलीकडचं काम.

*दुसरं, काळी रेघ.* पापणी, नथीची कड, पदराचा काठ. शिळाछापात रेघ सलग असते, कडा भरीव. चित्राचा फोटो काढून पुन्हा छापलेलं असेल तर रेघसुद्धा ठिपक्यांनी बनलेली आणि कडेला दातेरी दिसते.

*तिसरं, खालची अक्षरं.* एकच गोष्ट तपासायला वेळ असेल तर ही तपासा. चित्राखालचं शीर्षक आणि छापखान्याचं नाव भिंगाखाली बघा. मुळातल्या छापात अक्षर एकाच शाईत, भरीव असतं. संपूर्ण चित्राची नक्कल केली असेल तर अक्षरांतही रंगीत ठिपके येतात: काळ्या 'प्रेस'च्या कडेला निळा-गुलाबी भुसा दिसतो. उलट मात्र सिद्ध होत नाही. भरीव अक्षरं नव्याने जुळवून छापता येतात.

*चौथं, रंगांची जुळणी.* दगड किंचित सरकला की ओठांचा लाल रंग ओठाबाहेर केसभर जातो, हिरव्या शालूच्या कडेला पांढरी फट राहते. हा दोष धरू नका, अनेक दगड वापरल्याची ती खूणच आहे.

> सावधान: जाळीचे ठिपके सापडले म्हणजे चित्र कालचं, असा निष्कर्ष काढू नका. हाफटोन तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात आहे आणि जुन्या छापखान्यांनीही पुढे ते वापरलं. भिंग फक्त पद्धत सांगतं. काळ ठरवायला कागद आणि खालची पट्टी, म्हणजे शीर्षक नि छापखान्याचं नाव असलेला समास, लागते.

आता कागद. खोलीत अंधार करा आणि यूव्ही टॉर्च चित्राच्या *मागच्या* बाजूवर मारा. कागद निळसर पांढरा चकाकला तर त्यात चमक आणणारी रसायनं आहेत, आणि ती कागदात साधारण १९५० च्या दशकापासून येऊ लागली. मळकट, निस्तेज दिसला तर कागद त्याआधीचा असू शकतो. 'असू शकतो' एवढंच, कारण अशी रसायनं नसलेला कागद नंतरही बनत राहिला. पुढच्या बाजूवर ही चाचणी करू नका; जुनं रोगण स्वतःच पिवळट हिरवं चमकतं आणि घोटाळा होतो. कपड्याचे तंतूही धुण्याच्या पावडरीमुळे चकाकतात, तेव्हा आधी ब्रश फिरवा. मागे पुठ्ठा चिकटवलेला असेल तर तुम्ही पुठ्ठ्याची चाचणी करताय, चित्राची नाही.

टप्पा ४: खालची पट्टी आणि काळ

समासातला प्रत्येक शब्द, आकडा, विरामचिन्ह वहीत उतरवून घ्या. शीर्षक कोणकोणत्या लिपीत आहे, डावीकडे काय, उजवीकडे काय, अनुक्रमांक आहे का.

पट्टीवर अनेकदा तीन वेगळी माणसं असतात: चित्रकार, छापणारा आणि विकणारा. लोक तिन्ही एक समजतात. 'अनंत शिवाजी देसाई, मुंबई' हे नाव रविवर्मा प्रेसच्या पुष्कळ चित्रांवर सापडतं. ते विक्रेत्या-प्रकाशकाचं आहे. 'रविवर्मा प्रेस' या नावाचा अर्थही तेवढाच घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला, राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले, आणि छापखाना पुढे कित्येक दशकं चालला. धुरंधरांसारख्या इतर चित्रकारांची चित्रंही तिथे छापली गेली. तेव्हा या नावाचं चित्र रविवर्मांचं असेलच असं नाही, त्यांच्या हयातीतलं असेल असंही नाही.

चित्रातली 'सही' हा तसाच भ्रम. ती मूळ तैलचित्रावरून दगडावर उतरवलेली असते आणि प्रत्येक प्रतीवर तीच असते. तिच्यामुळे भाव वाढत नाही.

पट्टीवरून काळाची सीमा आखता येते. मला स्वतःला हे काम सगळ्यात आवडतं, कारण इथे मताला जागा कमी असते:

- छापखान्याचा पत्ता मुंबईचा असेल तर छाप सुरुवातीच्या वर्षांतला असण्याची शक्यता. कार्ले, मळवली किंवा लोणावळा असेल तर स्थलांतरानंतरचा. छापखाना एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस तिकडे गेला. विक्रेत्याचा मुंबईचा पत्ता मात्र यात धरू नका.
- किंमत आण्यांत छापलेली असेल तर साधारण १ एप्रिल १९५७ पूर्वीचा. त्या दिवशी दशमान नाणी आली. 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचा.
- पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. विषय कितीही जुना असो.
- विक्रेता कराचीचा असेल तर छाप बहुधा फाळणीपूर्वीचा.
- 'जर्मनीत छापलेले' अशी ओळ दिसली म्हणून खोटं समजू नका. आपल्याकडचे विक्रेते तिकडून चित्रं छापून आणत.

'बॉम्बे', 'पूना', 'कलकत्ता' या इंग्रजी नावांवर भिस्त ठेवू नका. ती फार उशिरापर्यंत चालू होती.

वरच्या-खालच्या कडेला सरळ रेषेत दाबाची किंवा गंजाची खूण असेल तर चित्र पत्र्याची पट्टी लावलेल्या कॅलेंडरचं असू शकतं. खालच्या भागात दुकानाची जाहिरात होती आणि ती कापली का, हेही पाहा. कॅलेंडर गोळा करणारे लोक वेगळे आहेत, आणि त्यांना ती जाहिरातच हवी असते.

> तपासणी: वहीत आता एक वाक्य तयार व्हायला हवं: 'अमुक पद्धतीचा छाप, अमुक छापखाना, अमुक विक्रेता, या सालाआधीचा नाही, त्या सालानंतरचा नाही.' सीमा वीस-तीस वर्षांची निघाली तरी चालेल. नेमकं साल ठोकून देऊ नका.

टप्पा ५: नंतरची कारागिरी शोधा

टॉर्च टेबलाला जवळजवळ समांतर धरा. ठिगळं, सुरकुत्या, सपाट दाबलेल्या घड्या उठून दिसतात. विटलेल्या रंगावर पोस्टर कलर फिरवलेला असेल तर तो ठिपक्यांच्या *वर* बसलेला आणि मंद दिसतो, आजूबाजूचं रोगण मात्र चमकतं. चेहरा, हात आणि शीर्षकाची पट्टी या तीन जागा आधी बघा. दुरुस्ती करणाऱ्याचा हातही आधी तिकडेच जातो.

काही चित्रांवर जरीचे धागे, टिकल्या, खरं कापड, मणी लावून देवीला साडी नेसवलेली असते. हे घरोघरी होत असे आणि ते काढून 'मूळ' चित्र मोकळं करण्याची चूक करू नका. खाली डिंकाचे डाग आणि भोकं निघतात. नीट सजवलेल्या प्रतीला वेगळे गिऱ्हाईक असतात.

टप्पा ६: अवस्था शब्दांत लिहा

'चांगली', 'वयाच्या मानाने उत्तम' असले शब्द विक्रेत्यांना राहू द्या. तुम्ही लिहा: चित्राचं माप, कागदाचं माप, चारही बाजूंचा समास किती, कुठे कापलेला. मग एकेक दोष, जागा आणि लांबीसह. तांबूस बुरशीचे ठिपके, पाण्याची तपकिरी कड, कसरीने खरवडलेला पृष्ठभाग, वाळवीने आरपार खाल्लेली जागा, चिकटपट्टीचा पिवळा चट्टा, मागच्या फळीच्या फटींमुळे उमटलेल्या उभ्या तपकिरी रेघा.

माप घेण्याला लोक फार हलकं लेखतात. रविवर्मा प्रेसची पुष्कळ चित्रं साधारण १४ × २० इंचांच्या आसपासची असतात, पण तेच चित्र लहान आकारातही निघे. आकार न जुळणाऱ्या प्रतीशी तुलना केली तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

दोषांचं वजन सारखं नसतं. चेहऱ्यावरची नखभर पोपडी समासातल्या वीतभर फाटीपेक्षा महाग पडते. शीर्षकाची पट्टी कापलेली असेल तर चित्र सुंदर असूनही त्याची ओळख लंगडी होते. आकाशातला डाग सगळ्यात स्वस्त.

> सावधान: इथवर आल्यावर 'जरा स्वच्छ करून मग दाखवू' असा मोह होतो. ब्रेड, खोडरबर, कापूस, लिंबू, ब्लीच यांतलं काहीही नको. मऊ ब्रशने मधून बाहेर धूळ झटका आणि थांबा. रोगण सुटलेलं असेल तर ब्रशही नको.

टप्पा ७: किंमत

आधी ठरवा, कोणती किंमत हवी आहे. विम्यासाठीची म्हणजे तसंच दुसरं चित्र दुकानातून घ्यायला लागेल ती. लिलावाचा अंदाज म्हणजे दोन खरे इच्छुक समोरासमोर आले तर निघेल ती. आणि पुढच्या आठवड्यात व्यापाऱ्याला विकायचं तर मिळेल ती. एकाच चित्राच्या या तीन किमती एकमेकींपासून लांब असतात आणि तिन्ही खऱ्या असतात. घराघरांतले बरेच वाद भाऊ एक किंमत धरून बसतो आणि बहीण दुसरी, यातून होतात.

मग तुलनेची चित्रं शोधा. पाच गोष्टी जुळल्या पाहिजेत: तेच चित्र, तोच छापखाना, तोच पत्ता, तोच आकार, जवळपास तीच अवस्था. अशी तीन *झालेली* विक्री मिळेपर्यंत आकडा बोलू नका. संकेतस्थळावर कुणीतरी लावलेली किंमत ही मागणी असते. ते चित्र दोन वर्षं तिथेच पडून असेल. लिलावगृहांच्या जुन्या निकालांतून झालेली विक्री कळते. तिथेही अंदाज आणि निकाल हे दोन आकडे वेगळे वाचा, आणि न विकलेल्या वस्तूंची नोंद सोडू नका. न विकलं गेलेलं चित्र भावाची वरची मर्यादा दाखवतं.

लिलावाचा आकडा वाचताना एक हिशेब कायम चुकतो. समजा हातोडा २०,००० रुपयांवर पडला. खरेदीदाराकडून २० टक्के अधिभार घेतला, तर त्याचे गेले २४,००० आणि वर कर. विकणाऱ्याकडून १० टक्के दलाली कापली, तर त्याच्या हाती आले १८,०००. हे आकडे समजण्यापुरते. प्रत्येक लिलावगृहाचे दर निराळे. निकालात २४,००० छापलेले वाचून तुम्ही चोवीसची अपेक्षा धरता आणि अठरावर नाराज होता, यात कुणी फसवलेलं नसतं.

तीन विक्रींपैकी सगळ्यात मोठी बाजूला ठेवा. एखाद्या रात्री दोन हट्टी गिऱ्हाईक भेटले की असा आकडा निघतो. उरलेल्या दोनशी आपल्या चित्राचे दोष ताडून पाहा: त्या प्रतीला समास होता, आपल्याला नाही; तिचा चेहरा दुरुस्त केलेला होता, आपला नाही. दर वेळी आकडा वर जाईल की खाली एवढं ठरवा आणि शेवटी एक पट्टा लिहा, इतक्यापासून इतक्यापर्यंत. एकच आकडा लिहिणाऱ्या मूल्यांकनावर माझा विश्वास बसत नाही.

विषयाचं काय? लक्ष्मी आणि सरस्वती सगळ्यात जास्त छापल्या गेल्या, म्हणून त्या जास्त सापडतात; त्यांना मागणी कायम असते, दुर्मिळतेचा भाव मात्र बहुधा मिळत नाही. पुराणकथांतले प्रसंग, स्त्रियांची चित्रं, चित्रशाळेने काढलेली मराठ्यांच्या इतिहासातली माणसं, जुने राजकीय पुढारी यांच्या प्रती कमी हाती लागतात, आणि त्या शोधणारे लोक ठरलेले असतात. पण 'दुर्मिळ' हा शब्द विक्रेत्याने वापरला तर विचारा: तुम्ही आजवर कितींदा पाहिलंय?

टप्पा ८: बाजारात उभ्याउभ्या घेताना

मुंबईचा चोर बाजार असो की पुण्याचा जुना बाजार, तिथे फ्रेम उघडू देत नाहीत आणि अंधारी खोलीही नसते. मग वरचा क्रम आखूड करा: खालची अक्षरं भिंगाने, काळी रेघ भिंगाने, समास आहे का, चेहरा तिरक्या उजेडात, मागची फळी आणि खिळे. खिळ्यांची डोकी चकचकीत आणि फळी जुनी असेल तर ही फ्रेम अलीकडे कुणीतरी उघडली आहे. का उघडली, विचारा. उत्तर काय मिळतं यापेक्षा कसं मिळतं ते महत्त्वाचं.

भिंग काढलं की भाव वाढतो अशी समजूत आहे. माझ्या मते उलट होतं: बघून घेणाऱ्याला व्यापारी कमी बाता मारतो.

अंधुक उजेडात, काचेआडून, उघडू न देता 'अस्सल' म्हणून विकलं जात असेल तर नक्कल समजूनच भाव करा. अस्सल निघालं तर चांगलंच.

पावती घ्या. तिच्यावर 'जुनी फ्रेम' असं मोघम नको; चित्राचं नाव, छापखाना, माप, तारीख आणि विक्रेत्याने केलेला दावा त्याच्याच शब्दांत हवा. लिहून द्यायला तो कां-कूं करू लागला तर तिथेच समजा.

टप्पा ९: ठेवायचं कसं

मूळ फ्रेम वापरायची असेल तर फळी थेट कागदाला टेकू देऊ नका. मध्ये आम्लविरहित बोर्ड घाला. काच आणि चित्र यांच्यामध्ये खिडकी कापलेला माउंट हवाच, म्हणजे पावसाळ्यात कागद काचेला चिकटत नाही. फ्रेमवाला डिंकाने किंवा दुहेरी चिकटपट्टीने चित्र बोर्डाला चिकटवायला निघेल, त्याला आधीच बजावा. लॅमिनेशन तर चित्राचा शेवटच. ते पुन्हा सोडवता येत नाही.

बाहेरच्या भिंतीवर, स्वयंपाकघरात, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर टांगू नका. फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावले की भिंत आणि फळी यांच्यात हवा खेळते. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास आणि उजेड ५० लक्सपर्यंत हा संग्रहालयांचा दंडक. घरात तो पाळणं कठीण, पण ऊन थेट पडू न देणं जमतं.

चित्र देव्हाऱ्यातलं असेल तर उदबत्तीची काजळी आणि हळदकुंकवाची बोटं यांचा प्रश्न येतोच. चांगली प्रत काढून ती पूजेला लावा आणि जुनं चित्र बाजूला ठेवा. घरच्यांना हे पटवणं वरच्या सगळ्या टप्प्यांपेक्षा अवघड जाईल.

टप्पा १०: परदेशी पाठवण्याआधी

परदेशातल्या गिऱ्हाइकाने पैसे देऊ केले की लोक थेट कुरिअर गाठतात. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या कलावस्तू पुरावशेषांत मोडतात आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. राजा रविवर्मांच्या कलाकृती तर १९७९ पासून राष्ट्रीय कलानिधी म्हणून घोषित आहेत. पुरावशेषांचा *व्यापार* करायला परवाना लागतो.

तुमचं चित्र त्याहून अलीकडचं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र घ्या, मगच पाठवा. टप्पा ४ मध्ये आखलेली काळाची सीमा इथे उपयोगी पडते. ती १९२० ते १९४० अशी शंभरीच्या उंबरठ्यावर येत असेल तर 'नवंच आहे' असं स्वतःच ठरवू नका. अर्जासोबत पहिल्या टप्प्यातले फोटो, पट्टीचा भिंगातून काढलेला फोटो, आण्यांची किंमत किंवा पिनकोड दिसणारा तुकडा आणि खरेदीची पावती लावा. तोवर गिऱ्हाइकाकडून आगाऊ रक्कम घेऊ नका.